गहाण मुलखातला वकील

१८८० सालचे अचलपूर घ्या. सरकारी कागदांत त्याचे नाव एलिचपूर, आणि ते तेव्हा स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. दुल्हा दरवाजातून आत गेले की नवाबांच्या काळातले गाव, आणि थोड्या अंतरावर परतवाड्याची लष्करी छावणी. या गावातल्या एखाद्या शेतकऱ्याचा सावकाराशी तंटा झाला तर तो जाई कचेरीत. तिथे वरचा अधिकारी इंग्रज. निकाल ज्या कायद्याने व्हायचा तो कलकत्त्यात तयार झालेला. छावणीतल्या फौजेचे नाव ‘हैदराबाद कंटिंजंट’, तिचे अंमलदार मात्र गोरे. हा शेतकरी मग प्रजा कोणाची?

कायद्याने विचाराल तर निजामाची. इंग्रज राज्य करत होते, शेतसारा घेत होते, तुरुंगात टाकत होते; तरी कायद्याच्या भाषेत वऱ्हाड हा परका मुलूख होता. हे कोडे समजले की दुसरे एक आपोआप सुटते. वऱ्हाडच्या पहिल्या पिढीचे जवळजवळ सगळे राजकीय पुढारी वकील का होते? रंगनाथ नरसिंह मुधोळकर वकील, मोरोपंत जोशी वकील, आणि लोक ज्यांना कौतुकाने ‘वऱ्हाडचे नबाब’ म्हणत ते गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डेही वकीलच. तिघेही अमरावतीचे.

मालक एक, कसणारा दुसरा

वऱ्हाडात शेत गहाण टाकणे म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मालकाचे नाव कागदावर तसेच राहते. कसतो सावकार, पीक नेतो सावकार, खर्चाचा हिशेबही तोच लिहितो. काही उरलेच तर ते मालकाला मिळावे अशी बोली असते, पण किती उरले हे सांगणारा पुन्हा सावकारच. १८५३ साली आख्ख्या वऱ्हाडाचे असेच झाले. निजामाच्या नावाने, पण इंग्रजांच्या हुकुमात असलेल्या कंटिंजंट फौजेचा पगार थकला होता, कर्ज वाढले होते. गव्हर्नर जनरल डलहौसीने तह करून घेतला आणि फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला. या प्रदेशाचे अधिकृत नावच ‘हैदराबादने नेमून दिलेले जिल्हे’ अशा अर्थाचे होते. १८६० च्या तहात रायचूर आणि धाराशिव परत मिळाले. वऱ्हाड मात्र राहिले ते राहिलेच. खर्च वजा जाता उरलेला पैसा निजामाला द्यायचा ठरले होते, आणि या शिलकेवरून हैदराबाद आणि इंग्रज यांच्यात अर्धे शतक कुरबुर चालू होती.

याचा कचेरीतल्या रोजच्या कामावर परिणाम असा झाला. कलकत्त्याचे विधिमंडळ कायदा करी तो ‘ब्रिटिश हिंदुस्थाना’साठी. वऱ्हाड त्यात मोडत नव्हते, म्हणून तो कायदा इथे आपोआप लागू होत नसे. गव्हर्नर जनरल वेगळे जाहीरपत्रक काढून अमुक कायदा, अमुक कलमे वगळून, या जिल्ह्यांना लावत आहोत असे कळवी. वरच्या अपिलासाठी हायकोर्टही नव्हते. ज्युडिशियल कमिशनर नावाचा एक अधिकारी ते काम बघे. कारभाराचा धागा मुंबई-कलकत्त्याला न जाता आधी हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटकडे जाई.

मग कोणता कायदा लागू आहे, कोणता नाही, कोणता अर्धाच आहे, हे ठाऊक असणारा माणूस गावात किती मोलाचा ठरत असेल बघा. शिवाय वऱ्हाडच्या लोकांना कुठल्याही विधिमंडळात स्वतःची जागा नव्हती. गाऱ्हाणे मांडायच्या दोनच वाटा होत्या, अर्ज आणि दावा. दोन्ही लिहून देणारा माणूस एकच असे.

*चौकट : वऱ्हाड कोणाकडे होते?*
*१८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, मालकी निजामाचीच राहिली. १९०२ साली व्हाइसरॉय कर्झनने निजाम मीर महबूब अलीखान यांच्याशी करार केला आणि वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने घेतले. १९०३ पासून ते मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरकडे आले, राजधानी नागपूर झाली. १९०५ मध्ये एलिचपूर जिल्हा मोडून अमरावतीत मिळवला. १९३६ च्या कराराने निजामाच्या किताबात ‘हैदराबाद आणि वऱ्हाड’ अशी जोड आली, आणि त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणू लागले.*

कापूस, कर्ज, कचेरी

नुसत्या गुंतागुंतीच्या कायद्याने वकिलाचे पोट भरत नाही. त्याला पक्षकार लागतात, आणि पक्षकारांजवळ पैसा लागतो. हा पैसा वऱ्हाडात आला त्यामागे योगायोगाने दुसऱ्याच एका वकिलाचा हात होता.

अब्राहम लिंकन १८३६ साली इलिनॉय राज्यात वकील झाला. कॉलेज नाही, कोणा वकिलाकडे रीतसर शिकवणी नाही. उसनी पुस्तके वाचून त्याने परवाना मिळवला. न्यायाधीश गावोगाव फिरत कोर्ट भरवत तेव्हा त्यांच्याबरोबर वकीलही घोड्यावरून फिरत. लिंकनने वर्षानुवर्षे अशी फिरती केली. जमिनीच्या, कर्जाच्या किरकोळ दाव्यांपासून रेल्वे कंपनीच्या मोठ्या खटल्यांपर्यंत सगळे चालवले आणि त्या फिरतीत जिल्ह्याजिल्ह्यात ओळखी केल्या. पुढे मते याच ओळखींनी दिली. १८६१ साली तो राष्ट्राध्यक्ष झाला, यादवी युद्ध पेटले, आणि एप्रिलमध्येच त्याने दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. लँकेशायरच्या गिरण्यांना जाणारा अमेरिकन कापूस अडला.

गिरण्यांनी मग हिंदुस्थानाकडे पाहिले आणि त्यांना वऱ्हाडची काळी माती दिसली. भाव चढले. ज्वारीच्या शेतात कपाशी आली. मुंबईहून निघालेला रेल्वेचा रूळ त्याच दशकात वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोचला. खामगावची शाखा १८७० साली लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाली. खामगाव, अमरावती, कारंजा ही कापसाची नावे लिव्हरपूलच्या बाजारापर्यंत गेली.

१८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले. पण एव्हाना शेतीची रीत बदलली होती. याच सुमारास मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली. शेत खातेदाराच्या नावावर चढले आणि ते विकण्याचा, गहाण टाकण्याचा हक्क त्याला मिळाला. हा हक्क म्हणजे वरदान वाटले, आणि काही अंशी होतेही. पण जे विकता येते ते जप्तही करता येते. पूर्वी सावकाराने कर्ज देताना पीक पाहिले असते. आता तो जमीन पाहू लागला, आणि तिच्यावर अधिक कर्ज देऊ लागला.

कायद्याची मुदत या यंत्राला आणखी गती देई. साध्या कर्जाच्या कागदावर ठरावीक वर्षांच्या आत दावा लावला नाही तर तो बुडीत. हेतू असा की जुन्या, पुरावा विरलेल्या कागदांवरून कोणाला छळू नये. झाले उलटे. मुदत भरत आली की सावकार कुळाला बोलावी आणि व्याज मुद्दलात घालून नवा कागद करून घेई. कूळ आढेवेढे घेऊ लागले तर सरळ दावा. समन्स निघे, कूळ हजर राहत नसे, एकतर्फी हुकूमनामा होई, मग दरखास्त, मग जप्ती. प्रत्येक पायरीवर शिक्का, फी आणि वकीलपत्र. यात देशमुख-देशपांड्यांचे वतनाचे तंटे, इनामांचे वाद आणि जिनिंग कारखान्यांच्या भागीदारांची भांडणे मिळवा. वऱ्हाडातल्या कचेऱ्यांना काम कमी पडत नव्हते.

अमरावतीच्या वकिलांची मिळकत या गंगाजळीतून आली, आणि ही गोष्ट आपण त्यांच्या चरित्रांत फारशी वाचत नाही. देशभक्तीचा पैसा सावकारी दाव्यांतून आला म्हणजे ती खोटी ठरते असे मला वाटत नाही. पण ते आर्थिक नाते नजरेआड केले तर हे पुढारी कर्जबाजारी कुळांबद्दल सरकारशी जितक्या जोराने बोलले, तितक्या जोराने सावकारांशी का बोलले नाहीत, हे कळणार नाही.

मुन्सफाची खुर्ची सोडून

खापर्डे हे नाव आज बऱ्याच घरांत पोथीमुळे माहीत असते. दासगणूंच्या ‘गजानन विजय’ ग्रंथात अकोल्याच्या शिवजयंतीच्या सभेच्या कथेत टिळकांच्या सोबत दादा खापर्डे येतात, आणि साईबाबांच्या भक्तांना त्यांची शिर्डीची रोजनिशी ठाऊक असते. कोर्टातले खापर्डे मात्र विसरले गेले.

जन्म २७ ऑगस्ट १८५४ चा, वऱ्हाडातल्या इंगरोलीचा. वडील गरिबीतून वर येऊन सरकारी नोकरीत चढलेले. मुलाचे शिक्षण नागपूर-अमरावतीकडे आणि मग मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. १८७७ साली बी.ए., १८८४ साली एलएल.बी. संस्कृत आणि इंग्रजी साहित्याची गोडी त्यांना कॉलेजात लागली. १८८५ साली ते वऱ्हाडातच सरकारी नोकरीत शिरले. मुन्सफ म्हणजे दिवाणी दाव्यांचा पहिल्या पायरीवरचा न्यायाधीश, आणि नंतर एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर, हे त्या काळच्या हिंदी माणसाला मिळू शकणारे मानाचे हुद्दे. पाच वर्षांनी, १८९० मध्ये, त्यांनी ते सोडले आणि अमरावतीत वकिली सुरू केली.

पेन्शनची नोकरी कोण सोडते? एक उत्तर पैशाचे आहे, चांगला वकील मुन्सफाच्या कितीतरी पट मिळवी. दुसरे उत्तर अधिक कामाचे. सरकारी नोकराला सरकारवर बोलायची मुभा नव्हती. शाळामास्तराची शाळा सरकारी अनुदानावर चाले, व्यापाऱ्याला परवाने आणि ठेके लागत, जमीनदाराला कलेक्टरची मर्जी. वकिलाची भाकर मात्र पक्षकार देत असे. त्याने सभेत सरकारवर टीका केली म्हणून पक्षकार पळून जात नसत, उलट धीट वकील म्हणून चार जास्त येत. सनद रद्द होण्याची भीती होती, पण तीही कोर्टातच लढवता येत होती. शिक्षण घेतलेल्या हिंदी माणसाला मोठी मिळकत आणि मोकळी जीभ एकत्र देणारा असा दुसरा धंदा त्या काळी जवळजवळ नव्हता.

खापर्ड्यांनी दोन्हींचा भरपूर उपयोग केला. नगरपालिका आणि जिल्हा बोर्ड या दोन्ही ठिकाणी ते वर्षानुवर्षे होते. त्यांचा खर्च, पाहुणचार आणि थाट यांच्यामुळेच ‘नबाब’ ही पदवी चिकटली. भाषण मराठीत असो की इंग्रजीत, ते चिमटे काढत बोलत. राजद्रोहाच्या कलमाच्या काळात विनोद हे वकिली कसबच होते. ऐकणारा हसतो, अर्थ पोचतो, आणि पोलिसाच्या टिपणवहीत शिक्षा देण्याजोगे वाक्य सापडत नाही.

नाताळच्या सुटीतले राजकारण

काँग्रेसची जुनी अधिवेशने डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच का भरत? कारण साधे आहे. नाताळात कोर्टे बंद असत. ज्या संघटनेचे कार्यकर्ते बहुतांशी वकील, तिचे पंचांग कोर्टाच्या सुट्यांवर चालणार. काम बुडत नाही, रेल्वेने चार दिवसांत जाऊन येता येते, आणि जानेवारीत पुन्हा पक्षकारांसमोर हजर.

१८९७ चे तेरावे अधिवेशन अमरावतीला भरले, २७ ते २९ डिसेंबर. अशा अधिवेशनाची व्यवस्था मोठी असे. यजमान गावाने स्वागत समिती नेमायची, वर्गणी गोळा करायची, मंडप घालायचा, शेकडो पाहुण्यांची उतरण्या-जेवणाची सोय करायची. स्वागताध्यक्ष स्थानिक, अधिवेशनाचा अध्यक्ष बाहेरगावचा. अमरावतीचे स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे होते आणि अध्यक्ष मद्रासचे सी. शंकरन नायर, तेही वकीलच.

ते वर्ष वाईट होते. दुष्काळ पडला होता, पुण्यात प्लेग पसरला होता, प्लेग-अधिकारी रँडचा खून झाला होता, आणि टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. अशा वर्षी टिळकांच्या मित्राने काँग्रेसचा मंडप उभारणे याला अर्थ होता. सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी टिळकांच्या बाजूने भाषण केले ते याच मंडपात. शिवाय गंमत अशी की कायद्याने पाहिले तर हिंदी राष्ट्रीय सभेचे हे अधिवेशन ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर, निजामाच्या मुलखात भरत होते.

एका गावातले हे वकील कायम एका बाजूला राहिले नाहीत. मुधोळकर १८९० साली सुरेंद्रनाथांबरोबर काँग्रेसच्या शिष्टमंडळातून विलायतेला जाऊन आले होते. उद्योगधंदे वाढवावेत, सनदशीर रेटा लावावा, हा त्यांचा मार्ग. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा ते आणि मोरोपंत जोशी नेमस्तांकडे राहिले, खापर्डे टिळकांकडे. मुधोळकर १९१२ च्या बांकीपूर अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, मोरोपंत पुढे ‘सर’ झाले आणि मध्य प्रांताच्या सरकारात गृहखाते सांभाळू लागले. वकिली माणसाला सरकारच्या विरोधातही नेते आणि सरकारातही नेते, हे अमरावतीच्या या तीन घरांत एकत्र पाहायला मिळते.

लंडनला गेलेला अर्ज

२४ जून १९०८ ला टिळकांना पुन्हा पकडले. जुलैत न्यायमूर्ती दावर यांच्यासमोर खटला चालला, सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि टिळक मंडालेला गेले. खापर्डे ऑगस्टमध्ये विलायतेच्या बोटीत बसले. पक्षकाराचे काम हाती घेऊन थेट साम्राज्याच्या शेवटच्या दारापर्यंत.

ते दार म्हणजे प्रिव्ही कौन्सिलची न्यायसमिती. १८३३ च्या कायद्याने ती रीतसर उभी राहिली. साम्राज्यात कुठेही न्याय मिळाला नाही तर प्रजेने राजाकडे अर्ज करावा, ही मूळ कल्पना. राजाच्या वतीने काही न्यायाधीश तो अर्ज ऐकत आणि सल्ला म्हणून निर्णय देत. दिवाणी दाव्यांत, विशेषतः जमिनीच्या, हिंदुस्थानातली अपिले तिथे नियमाने जात. फौजदारीत तसे नव्हते. आधी अपील करण्याची खास परवानगी मागावी लागे, आणि ती मिळणे फार अवघड.

कारण १८८७ च्या डिलेट खटल्यात समितीने आपली मर्यादा आखून घेतली होती. खालच्या कोर्टाने पुरावा चुकीचा तोलला, ज्युरीने पक्षपात केला, शिक्षा कडक दिली, एवढे दाखवून भागत नसे. खटला चालवण्याची रीतच धाब्यावर बसवली गेली किंवा नैसर्गिक न्यायाचा भंग झाला, आणि त्यामुळे खरोखरच गंभीर अन्याय झाला, असे दाखवावे लागे. शिक्षा भोगणाऱ्याला वाटते की माझा निकाल चुकला. समिती विचारते की निकालाची पद्धत मोडली का? या दोन प्रश्नांमधल्या फटीत बहुतेक अर्ज पडत. टिळकांचा १८९७ चा अर्ज, ज्यासाठी पुढे पंतप्रधान झालेले ॲस्क्विथ उभे राहिले होते, तिथेच पडला. दुसराही पडला.

शिवाय अमरावतीचा नामांकित वकील लंडनमध्ये स्वतः उभा राहू शकत नव्हता. तिथे कागद तयार करणारा सॉलिसिटर वेगळा, बोलणारा बॅरिस्टर वेगळा. खापर्ड्यांचे काम या दोघांना समजावणे, खटला ज्यांवर झाला त्या टिळकांच्या मराठी लेखांचे इंग्रजी भाषांतर कुठे वाकडे झाले ते दाखवणे, आणि उरलेल्या वेळात पार्लमेंटातल्या माणसांना भेटणे असे होते. कोर्टात हरलेला खटला राजकारणात जिवंत ठेवायचा, हा खरा डाव. ते दोन वर्षांहून अधिक काळ तिकडे होते. १९१० मध्ये परतताना ब्रह्मदेशमार्गे येऊन त्यांनी मंडालेत टिळकांची भेट घेतली आणि मग अमरावती गाठली.

इतका काळ कोर्टात न दिसणाऱ्या वकिलाचे जे होते तेच झाले. पक्षकार दुसरीकडे गेले. ज्या धंद्याने राजकारणाला पैसा आणि वेळ दिला तोच राजकारणाने खाल्ला. घरी परतल्यावर महिनाभरातच ते शिर्डीला गेले, आणि १९११ च्या डिसेंबरापासून तर पत्नी लक्ष्मीबाईंसह काही महिने तिथेच राहिले. त्या मुक्कामाची रोजनिशी आज भक्त वाचतात. ती वाचताना हा माणूस मोडलेल्या वकिलीचा विचार करत असेल हेही लक्षात ठेवावे. रोजनिशी लिहिण्याची सवय त्यांनी आयुष्यभर पाळली, आणि वऱ्हाडच्या त्या काळाचा इतका सलग साक्षीदार दुसरा सापडणे कठीण.

निवडून आलेला ‘नियुक्त’ सभासद

टिळक सुटून आल्यावर १९१६ साली होमरूल लीग निघाली. तिच्या कामासाठी खापर्डे १९१९ मध्ये पुन्हा विलायतेला गेले. पण १९२० साली दोन गोष्टी झाल्या. १ ऑगस्टला टिळक वारले, आणि काँग्रेसने गांधीजींचा असहकार स्वीकारला. असहकाराच्या यादीत कोर्टांवर बहिष्कार होता; वकिलांनी सनदा टाकाव्यात आणि कौन्सिलांत जाऊ नये. काहींनी सनदा टाकल्या. खापर्ड्यांना हा मार्ग पटला नाही. तीस वर्षे ज्या अवजाराने लढलो ते टाकून द्या, असे नवे राजकारण म्हणत होते. आता सभेला गर्दी गोळा करायला दिवाणी कायदा ठाऊक असण्याची गरज उरली नव्हती.

खापर्डे काँग्रेसपासून दूर झाले आणि १९२१ साली दिल्लीत सुरू झालेल्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये, वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून गेले. त्यांच्या तिथल्या जागेची रीत बघण्यासारखी आहे. वऱ्हाडात मतदान होई. मतदार अगदी मूठभर, मोठा सारा किंवा कर भरणारे, तरी निवडणूक खरी. पण वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हते, तेव्हा तिथल्या मतदाराने ब्रिटिश हिंदुस्थानच्या सभागृहात सभासद पाठवायचा तरी कसा? तोड अशी काढली की वऱ्हाडने माणूस निवडावा आणि निवडून आलेल्या माणसाची सरकारने ‘नियुक्ती’ करावी. म्हणून कामकाजाच्या कागदांत त्यांची गणना सरकारनियुक्त सभासदांत होत असे, आणि तिथे बसून ते सरकारला प्रश्न विचारत. १ जुलै १९३८ रोजी खापर्डे वारले, तेव्हाही वऱ्हाडचा मालक कागदोपत्री निजामच होता.